राहणे एका राज्यात, नोकरी दुसऱ्या राज्यात : अमेरिकेतील राज्यकराविषयी

मा. संपादक,
सादर नमस्कार.

परदेशात शिकणाऱ्या व नोकरी करणाऱ्या मुलांच्या करविषयक जबाबदाऱ्यांवर आपल्या पुरवणीत नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. लेख अभ्यासपूर्ण होता. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा प्राप्तिकर, दुहेरी करआकारणी टाळण्याचा भारत-अमेरिका करार आणि त्या करारातील कलम २१ अन्वये भारतीय विद्यार्थ्यांना मिळणारी प्रमाणित वजावट, हे सारे त्यात नेमकेपणाने मांडले होते. परंतु तेथील राज्यांच्या प्राप्तिकराचा त्यात उल्लेखच नव्हता, आणि माझ्या अनुभवात आपल्या मुलांचे खरे घोटाळे तिथेच होतात. मी नोकरीची बरीच वर्षे न्यू जर्सीत एका कंपनीच्या पगारविभागात काढली व निवृत्त झाल्यावर बडोद्यास परतले. दरवर्षी फेब्रुवारी उजाडला की दांडिया बाजार, मांजलपूर भागातील ओळखीची मंडळी मुलामुलींचे कागद मोबाइलवर घेऊन येतात, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : मुलगा राहतो न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत किंवा एडिसनला, नोकरी न्यूयॉर्क शहरातल्या मॅनहॅटनमध्ये, तर राज्याचा कर भरायचा कुठे? या प्रश्नाचे सविस्तर उत्तर मराठीत एका ठिकाणी मिळावे म्हणून हे लांबलेले पत्र लिहीत आहे.

हा प्रश्न आपल्याला चमत्कारिक वाटतो याचे कारण आपली राज्यघटना. सातव्या अनुसूचीत शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील कर हा विषय केंद्राच्या सूचीत ठेवलेला आहे. त्यामुळे वापी-वलसाडहून रोज गाडीने मुंबईला नोकरीस जाणारा माणूस दोन राज्यांत वावरला तरी प्राप्तिकराचे विवरणपत्र एकच भरतो. त्याच्या पगारातून राज्याच्या तिजोरीत जातो तो वृत्तिकर, आणि त्यालाही घटनेच्या अनुच्छेद २७६ ने वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीपूर्वी ती अवघी २५० रुपये होती. गुजरातेत महिना १२,००० रुपयांच्या वर पगार असणाऱ्याचे २०० रुपये कंपनीच कापून भरते आणि कर्मचाऱ्याला त्याची आठवणही राहत नाही. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याचा प्राप्तिकर कायदा स्वतंत्र आहे. दर वेगळे, विवरणपत्र वेगळे, खाते वेगळे, इतकेच काय, रहिवासी कोणाला म्हणायचे याची व्याख्यासुद्धा वेगळी. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, टेनेसी, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, वायोमिंग, साउथ डकोटा आणि अलास्का ही नऊ राज्ये पगारावर कर घेत नाहीत. बाकीची एकेचाळीस घेतात. केंद्राचे विवरणपत्र भरले म्हणजे झाले, असे समजणारा मुलगा निम्मेच काम करून मोकळा होतो.

यातले मूळ सूत्र समजायला कठीण नाही. ज्या राज्यात प्रत्यक्ष काम केले, ते राज्य तिथे कमावलेल्या पगारावर अनिवासी म्हणून कर घेते. ज्या राज्यात घर आहे, ते राज्य रहिवाशाच्या जगभरातल्या सगळ्या उत्पन्नावर कर आकारते आणि दुसऱ्या राज्याला दिलेल्या कराचे क्रेडिट देते, म्हणजे ती रक्कम आपल्या करातून वजा करते. म्हणजे पहिला हक्क कामाच्या राज्याचा आणि सवलत देण्याची जबाबदारी घराच्या राज्याची. म्हणूनच विवरणपत्रे करण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. जर्सी सिटीत राहून न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्याने आधी न्यूयॉर्कचे आयटी-२०३ हे अनिवासी विवरणपत्र पूर्ण करावे, त्यात निघालेला अंतिम कर पाहावा, आणि मग तो आकडा न्यू जर्सीच्या एनजे-१०४० या रहिवाशाच्या विवरणपत्रासोबतच्या क्रेडिटच्या परिशिष्टात घालावा. इथे पगारातून कापलेली रक्कम लिहायची नसते, विवरणपत्राअंती निघालेला कर लिहायचा असतो. कापलेली रक्कम जास्त असेल तर न्यूयॉर्क तिचा परतावा देते. तो परतावाही घ्यायचा आणि त्याच रकमेचे क्रेडिटही मागायचे, हे न्यू जर्सी मान्य करत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कागदांत ही चूक मला वारंवार दिसते.

क्रेडिटलाही मर्यादा आहे. समजा पगारावर न्यूयॉर्कचा कर ६,००० डॉलर निघाला आणि त्याच पगारावर न्यू जर्सीच्या दराने ४,००० डॉलर होतात. क्रेडिट ४,००० चेच मिळेल, वरचे २,००० न्यू जर्सी परत देणार नाही. आकडे उलटे असते, तर ४,००० चे क्रेडिट मिळून उरलेले २,००० न्यू जर्सीत भरावे लागले असते. म्हणजे दोन्ही राज्ये मिळून, ढोबळ मानाने, ज्या राज्याचा कर जास्त तेवढा बसतो. दुप्पट बसत नाही. नोकरदारांच्या नेहमीच्या उत्पन्नाला न्यूयॉर्कचा कर बहुधा जास्त असल्याने पगारापुरते न्यू जर्सीचे देणे शून्यावर येते, पण देणे शून्य झाले म्हणून विवरणपत्र टळत नाही. शिवाय बचत खात्याचे व्याज, लाभांश, शेअर विकून झालेला नफा यांवर सामान्यतः न्यूयॉर्कचा हक्क नसतो, तो घराच्या राज्याचा असतो. आणि त्या रकमेवर क्रेडिट कुठून येणार? ती न्यू जर्सीत दाखवून तिथेच कर भरावा लागतो. न्यूयॉर्क आधी सगळे उत्पन्न धरून कर काढते आणि मग त्यातला आपल्या हिश्शाचा भाग घेते, त्यामुळे हेच व्याज तिथला दर ठरवताना मात्र गणतीत येते. एक चांगली बाब अशी की न्यूयॉर्क शहराचा स्वतःचा प्राप्तिकर फक्त शहरातल्या रहिवाशांना लागू आहे. बाहेरून कामाला येणाऱ्यांवरचा शहराचा कर १९९९ मध्ये रद्द झाला.

आता ज्या कागदावरून सगळा गोंधळ सुरू होतो, त्या डब्ल्यू-२ विषयी. हे पगार आणि कर यांचे वार्षिक प्रमाणपत्र ३१ जानेवारीपर्यंत कंपनीने द्यायचे असते. त्याच्या तळाशी रकाना १५ मध्ये राज्याचे नाव, १६ मध्ये त्या राज्याचे वेतन आणि १७ मध्ये त्या राज्यासाठी कापलेला कर असतो. आमच्या शेजारच्या काकूंनी मुलीचा हा कागद मला मोठ्या काळजीने दाखवला. रकाना १ मध्ये, म्हणजे केंद्राच्या करासाठीच्या वेतनात, एकच पगार होता, पण खाली न्यूयॉर्कच्या ओळीतही तोच पूर्ण आकडा आणि न्यू जर्सीच्या ओळीतही तोच. कंपनीने पगार दुप्पट दाखवला, आता कर दोनदा बसणार, असे त्यांच्या घरात सगळ्यांनी ठरवून टाकले होते आणि एका नातेवाइकाने न्यू जर्सीची ओळ सोडून देण्याचा सल्लाही दिला होता. प्रत्यक्षात कंपनीचे काहीच चुकले नव्हते. न्यूयॉर्कमध्ये ज्याने थोडेही काम केले त्याच्या रकाना १६ मध्ये केंद्राइतकेच पूर्ण वेतन दाखवावे, असा त्या राज्याचाच नियम आहे. त्यातला खरोखर न्यूयॉर्कचा भाग किती, हे कर्मचाऱ्याने आयटी-२०३ मध्ये कामाच्या दिवसांच्या प्रमाणात मांडायचे असते. दोन ओळींची बेरीज करायची नसते, आणि त्यांतली एखादी ओळ गाळायचीही नसते.

दिवसांच्या या प्रमाणापाशी आले की घरून काम करण्याचा प्रश्न येतो, आणि सध्या सर्वांत जास्त वाद याच मुद्द्यावर आहेत. एडिसनला राहणारा मुलगा आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतो. मग ते दिवस न्यू जर्सीचे नाहीत का? सामान्य बुद्धीला ते तसेच वाटतात. परंतु न्यूयॉर्कचा नियम असा आहे की नोकरीचे ठिकाण न्यूयॉर्कमध्ये असेल आणि कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी बाहेरून काम करत असेल, तर ते दिवसही न्यूयॉर्कमध्येच काम केल्याचे धरले जातात. मालकाच्या गरजेमुळे बाहेर काम करावे लागले, हे सिद्ध झाले तरच ते वगळता येतात, आणि घरी लॅपटॉप ठेवून बसण्याला गरज मानायला ते खाते सहजासहजी तयार होत नाही. कनेक्टिकटमध्ये राहून न्यूयॉर्कच्या कायदा महाविद्यालयात शिकवणारे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की यांनी या नियमाला आव्हान दिले होते; २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. करोनाच्या काळात मॅसॅच्युसेट्सने असाच तात्पुरता नियम केला तेव्हा शेजारच्या न्यू हॅम्पशायरने थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, पण जून २०२१ मध्ये न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला. न्यू जर्सीनेही २०२३ मध्ये प्रत्युत्तरादाखल कायदा केला आणि ज्या राज्यांत असा नियम आहे तिथल्या रहिवाशांना तोच नियम लावला. राज्याराज्यांच्या या ओढाताणीत सामान्य नोकरदार भरडला जातो, हे मला मनापासून अन्यायाचे वाटते. माणूस ज्या रस्त्यावरून चालतो, ज्या शाळेत मुले घालतो, ज्या राज्याच्या पाण्याविजेवर जगतो, त्या राज्याला त्याच्या घरच्या कामाच्या दिवसांवरही कर मिळू नये, याचे समर्थन मला करता येत नाही. पण नियम जोवर आहे तोवर तो पाळूनच विवरणपत्र भरले पाहिजे.

आपल्या घरांशी याचा थेट संबंध आहे. नवरात्रात किंवा घरच्या लग्नकार्याला मुले बडोद्यास येतात, सुट्टी पुरत नाही म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे इथूनच रात्री जागून न्यूयॉर्कच्या वेळेनुसार काम करतात. हे दिवस अमेरिकेबाहेरचे आहेत, तेव्हा त्यांवर न्यूयॉर्कचा कर नाही, असे पुष्कळांना वाटते. वरच्या नियमाप्रमाणे हे दिवस कर्मचाऱ्याच्या सोयीचे ठरतात आणि न्यूयॉर्कच्याच खात्यात जातात. रजेचे दिवस वेगळे. ते कामाच्या दिवसांच्या हिशेबात धरायचेच नसतात. कंपनीने टेक्सासला ग्राहकाच्या कचेरीत पाठवले असेल तर ते दिवस खरोखर बाहेरचे. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की कोणत्या दिवशी कुठे बसून काम केले याची नोंद वर्षभर ठेवा. रजेच्या मंजुरीचे मेल, विमानाची तिकिटे, कचेरीच्या दारावर कार्ड टेकवल्याच्या नोंदी जपून ठेवा. विचारणा होते ती दोन-तीन वर्षांनी, आणि तेव्हा आठवणीतून काढलेला हिशेब कोणी ग्राह्य धरत नाही.

सगळीकडे न्यूयॉर्कसारखी स्थिती नाही. काही शेजारी राज्यांनी आपसात करार केले आहेत आणि त्यांच्यात पगारावर फक्त घराचे राज्य कर घेते. न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनिया यांच्यात असा करार आहे; मेरीलँड, व्हर्जिनिया व राजधानीचा वॉशिंग्टन डी.सी. हा जिल्हा यांच्यातही तशीच व्यवस्था आहे. मात्र कंपनीला सवलतीचा अर्ज दिला तरच कामाच्या राज्याची कपात थांबते. तो दिला नाही तर कर चुकीच्या राज्यात कापला जातो, मग तिथून परतावा मागा आणि घराच्या राज्यात पूर्ण रक्कम पदरची भरा, असा दुहेरी खटाटोप होतो. फिलाडेल्फियात काम करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की राज्यांमधल्या या कराराने त्या शहराचा वेतनकर माफ होत नाही. बाहेरून येणाऱ्यांकडूनही तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास घेतला जातो, आणि त्याचे क्रेडिट न्यू जर्सीच्या विवरणपत्रात मागावे लागते.

घर करमुक्त राज्यात असले तरी कामाचे राज्य सोडत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हर गावात राहून नदीपलीकडे ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला कामाला जाणाऱ्याला तिथल्या कामाच्या पगारावर ओरेगनचा कर भरावाच लागतो. घराच्या राज्यात करच नाही, तर क्रेडिट देणार कोण? आणि ओरेगन व कॅलिफोर्निया यांच्यात मी वर सांगितलेला क्रम उलटा आहे. तिथे क्रेडिट घराचे राज्य न देता कामाचे राज्य देते. म्हणून मित्राने न्यू जर्सीत केले तसे आपण कॅलिफोर्नियात करू नये.

विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी दोन गोष्टी मुद्दाम लिहिते. भारत-अमेरिका करारात अमेरिकेच्या बाजूने केवळ केंद्रीय प्राप्तिकराचा समावेश आहे, राज्यांवर तो बंधनकारक नाही. काही राज्ये त्याचा लाभ आपणहून देतात. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया देत नाहीत. दुसरे असे की केंद्रासाठी १०४०-एनआर हे अनिवासी परकीयाचे विवरणपत्र भरले म्हणून राज्यासाठीही तो अनिवासी ठरेल असे नाही. दोन्ही व्याख्या वेगळ्या आहेत. एकच मुलगा केंद्राच्या लेखी अनिवासी आणि राज्याच्या लेखी रहिवासी असू शकतो. वर्षाच्या मध्यात राज्य बदलले तर दोन्ही ठिकाणी अंशकालीन रहिवासी म्हणून विवरणपत्र भरावे लागते. नोकरी लागल्यावर जर्सीत घर ठेवून मॅनहॅटनमध्येही कायमची खोली घेणाऱ्यांनी तर फारच जपावे. न्यूयॉर्कमध्ये राहती जागा असेल आणि वर्षात १८३ हून अधिक दिवस तिथे पाऊल पडले, तर न्यूयॉर्क त्याला पूर्ण रहिवासी ठरवते. दिवसाचा थोडासा भागही पूर्ण दिवस म्हणून मोजला जातो, आणि शहराचा करही मागे लागतो.

दोन्ही राज्यांत कर भरावा लागणे हा अन्याय आहे, तेव्हा एकाचा भरला नाही तरी चालेल, असे कधीकधी हिरिरीने सांगितले जाते. अन्यायाविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग तिथे आहे आणि तो वापरलाही गेला आहे. मेरीलँडच्या एका दांपत्याला बाहेरच्या राज्यांत दिलेल्या कराचे क्रेडिट राज्याच्या करातून मिळाले, पण परगण्याच्या (काउंटीच्या) करातून नाकारले गेले. त्यांचे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि मे २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते जिंकले. त्या दांपत्याने विवरणपत्र भरून, क्रेडिट मागून, नकार आल्यावर झगडा केला. विवरणपत्रच न भरणाऱ्याला असा झगडा करायला पायाच उरत नाही. शिवाय न भरलेल्या विवरणपत्राला सहसा मुदतबाह्यतेचे संरक्षण नसते, राज्याची नोटीस दंडव्याजासह कितीही वर्षांनी येऊ शकते. पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना केंद्र, राज्य वा स्थानिक कराची थकबाकी आहे का, हा प्रश्न त्या अर्जात छापलेलाच आहे. मुदतवाढ मागता येते. पण ती विवरणपत्राला मिळते, कराच्या रकमेला नाही. रक्कम बहुतेक राज्यांत १५ एप्रिललाच भरायची असते.

कायमचे भारतात परतणाऱ्यांसाठी एकच मुद्दा. परतल्याच्या वर्षी भारतात रहिवासी ठरून अमेरिकेतला पगारही इथे करपात्र झाला, तर अमेरिकेतील राज्याला दिलेला कर वाया गेला असे समजू नये. राज्यकर करारात नसला तरी तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ९१ खाली त्याचे क्रेडिट मिळते, असा निर्णय कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला आहे. आपल्या सनदी लेखापालाला हा निर्णय दाखवून विचारावे, आणि त्यासाठी राज्याच्या विवरणपत्राची व कर भरल्याच्या पावतीची प्रत जवळ असावी.

संपादक महाशय, माझी आपणास विनंती आहे की हा विषय पुढील जानेवारीत, म्हणजे डब्ल्यू-२ हाती येण्याच्या आधी, एखाद्या जाणकार करसल्लागाराकडून पुरवणीत लिहवून घ्यावा. त्यात न्यूयॉर्क-न्यू जर्सीचे एक पूर्ण भरलेले नमुना विवरणपत्र, कोणते आकडे कोणत्या रकान्यातून कुठे जातात हे दाखवून, छापावे. इथले आईवडील तो कागद मुलांना पाठवतील आणि मुले तो समोर ठेवून आपले विवरणपत्र तपासू शकतील. नमुना तयार करण्यास माझी मदत लागल्यास ती मी आनंदाने करीन.

आपली नम्र,
एक नियमित वाचक,
मांजलपूर, बडोदे